चादर अंगात घालून शहरभर

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका युनिफॉर्मच्या युनिटमध्ये मी काम करते. शाळांचे शर्ट, पिनाफोर, ट्रॅक पँट, मधूनच एखाद्या हॉस्पिटलची ऑर्डर. माझं काम कटिंगच्या टेबलावर. कापडाचे थर अंथरले की त्यावर मार्कर बसवायचा, म्हणजे बाही, कॉलर, पाठ कुठं बसवली तर चिंध्या कमी निघतील ते बघायचं. सोलापूरचे युनिफॉर्म देशभर जातात आणि या कामाचा मला अभिमान आहे. पण युनिफॉर्म म्हणजे शेकडो जणांनी सारखं दिसायचं, आणि माझा जीव अडकलेला माणसं वेगवेगळी कशी दिसतात त्यात. चाटी गल्लीत साडी घ्यायला आलेल्या बाईनं पदर कसा खोचलाय, मार्केट यार्डातल्या म्हाताऱ्याच्या फेट्याचा शेमला किती खाली आलाय, कॉलेजच्या पोरानं आजोबांचा कोट जीन्सवर कसा चढवलाय, हे मी चालता चालता बघत असते. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात असतो. सेकंडहँड बॉडी आणि एकच ५० एमएमची लेन्स.

न्यूयॉर्कमध्ये बिल कनिंगहॅम नावाचा एक फोटोग्राफर होता. सायकलवरून फिरत रस्त्यावरच्या लोकांचे कपडे टिपायचा, वर्षानुवर्षं. २०१६ साली गेला. जगातले भारीतले भारी कपडे ज्यानं डोळ्यांखालून घातले तो स्वतः मात्र फ्रान्समधल्या कामगारांचं निळं सुती जॅकेट घालायचा. सरळ कट, साधी कॉलर, बाहेरून शिवलेले तीन खिसे. हे वाचलं तेव्हापासून एक विचार डोक्यातून जाईना. कामगाराचं जॅकेट! आपलं शहर तर कामगारांच्याच जिवावर उभं राहिलेलं. १८७७ साली इथं जुनी मिल सुरू झाली, ती सुरू करणाऱ्या मुरारजी गोकुळदासांच्या नावानं आजही मुरारजी पेठ आहे. मग नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी-विष्णू आली. मिल बंद पडल्या तरी पूर्व भागातल्या गल्ल्यांमधून मागांचा खडखडाट अजून ऐकू येतो. एवढं कापड विणणाऱ्या गावाचं स्वतःचं असं जॅकेट असायला नको का? आणि असलं तर ते कशाचं असेल? चादरीचं. दुसरं उत्तरच नाही.

चादरीचे कपडे ही काही माझी शोधलेली गोष्ट नाही. २०२० च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेतल्या एका रॅपरच्या व्हिडिओत सोलापुरी चादरीचे शर्ट दिसले, आणि तो व्हिडिओ आपल्याकडं मोबाइलमोबाइलवर फिरला. सगळ्यांना केवढा आनंद झाला होता. मलाही झाला. पण तेव्हापासून वाटत होतं, की हा शर्ट नवी पेठेतल्या गर्दीत का दिसत नाही? आपण चादर पाहुण्यांना देतो, पुण्यामुंबईच्या नातेवाइकांना बांधून देतो, आणि स्वतः बाहेर पडताना दुसरीकडून आलेलं जॅकेट चढवतो. मला हे फोटोंतून बदलून बघायचं होतं. सोलापूरचं कापड, सोलापूरच्या अंगावर, सोलापूरच्या भिंतीसमोर.

चादर दुकानातून घ्यायची नाही, मागावरून उतरताना बघून घ्यायची, असं ठरवलं. आमच्या युनिटमधल्या एका हेल्परच्या नात्यातल्या मामांचा पूर्व भागात छोटा कारखाना आहे. घराला लागूनच शेड, त्यात माग. घरात बोलणं तेलुगू, माझ्याशी मराठी. मी काय करणार ते सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "चादर पांघरायची की. अंगात घालून कुठं जाणार?"

"सगळीकडं, मामा."

"उन्हाळ्यात?"

ते खरंच होतं. सोलापूरचा उन्हाळा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांना सहज जातो आणि चादर म्हणजे जाड सूत. म्हणून सगळं काम थंडीच्या तोंडावर धरलं.

मामांनी मला मागाजवळ उभं केलं आणि जकार्ड, म्हणजे मागावर नक्षी विणून देणारं यंत्र, दाखवला. कापडात रमणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट एकदा तरी डोळ्यांनी बघावी. मागाच्या वर, छताला टेकेल इतक्या उंचीवर पेटी बसवलेली असते आणि तिच्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरत असते. प्रत्येक पत्त्याला भोकं. एक पत्ता म्हणजे बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा. जिथं भोक असेल तिथं सुई आत शिरते, तिचा आकडा जागेवर राहतो आणि त्याला बांधलेले ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वर उचलले जातात. जिथं भोक नाही तिथं पत्ता सुईला मागं रेटतो, आकडा निसटतो, धागे खालीच राहतात. मधून आडवा धागा नेणारा धोटा सुटतो. लगेच पुढचा पत्ता. मोराची एक मान पुरी व्हायला किती पत्ते फिरतात ते बघत मी कितीतरी वेळ तिथंच उभी होते. आवाज इतका, की मामा माझ्या कानाशी येऊन बोलत होते. हे यंत्र १८०४ च्या सुमाराला फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जकार्डनं तयार केलं. म्हणजे जॅकेटचा कट फ्रान्सचा आणि विणायची युक्तीही तिकडचीच. पण त्या युक्तीवर सोलापूरनं स्वतःचा मोर बसवला, स्वतःचे भडक रंग घातले आणि तो माल जगाला ओळखू येईल असा केला. भौगोलिक मानांकन मिळालेल्या महाराष्ट्रातल्या पहिल्या वस्तूंत सोलापुरी चादर आहे, ती या ओळखीमुळंच. दुसरीकडं विणलेल्या चादरी याच नावानं विकल्या जातात तेव्हा मला मनापासून राग येतो.

चादर निवडली ती गडद लाल आणि पांढरी. मधे मोरांची जोडी, चारी बाजूंनी रुंद काठ. सोलापुरी चादरीची खरी गंमत तिच्या दोन अंगांत असते. सुलट्या बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल, तर उलट्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. दोन्ही बाजू तितक्याच सफाईदार. शिवणाऱ्याला एका कापडात दोन कापडं मिळतात. अंग लाल ठेवून कॉलर आणि खिसे उलट्या बाजूचे घ्यायचे, हे मी तिथंच ठरवून टाकलं.

घरी आणल्यावर आधी रात्रभर पाण्यात भिजवली, मग सावलीत वाळवली. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. ते आधीच आटवून घेतलं नाही तर शिवलेलं जॅकेट पहिल्या धुण्यात बाह्यांना आखूड होतं. पाण्याला थोडा लाल रंग सुटला, दुसऱ्या पाण्याला अगदी फिका, मग थांबला.

चादर साधारण ६० बाय ९० इंचांची. जॅकेटला कापड भरपूर होतं, पण डिझाइन एकच. युनिटमध्ये मार्कर बसवताना माझं सगळं लक्ष कापड वाचवण्यावर असतं, इथं उलटं करायचं होतं. आधी मोर पाठीच्या मधोमध बसवायचा, मग बाकीचे भाग मिळेल तिथं. पाठीचा भाग ब्राउन पेपरवर आखला, मध्यरेषा मारली आणि ती चादरीच्या मध्यरेषेवर ठेवून टाचण्या लावल्या. दोन मोरांच्या चोची बरोबर मणक्यावर समोरासमोर आल्या. पुढच्या दोन्ही भागांना काठ उभा घेतला, म्हणजे बटणपट्टीच्या दोन्ही बाजूंनी काठ खाली उतरेल. बाह्यांच्या तोंडाला आडवा काठ. हा मेळ जमवण्यात माझी सगळी संध्याकाळ गेली आणि त्या संध्याकाळइतकी मी कामावर क्वचितच खूश झाले असेन.

शिवायला दिलं आमच्या ओळखीच्या एका मास्तरांकडं. मास्तरांनी आयुष्यभर कोट शिवलेत. त्यांनी कापड हातात घेतलं, कडेचा एक धागा ओढून बघितला आणि म्हणाले, "हे कापल्यावर थांबत नाही बघ. सुटतच राहणार." जाड सुताची सैल वीण कापली की कडेचे धागे निघत राहतात. म्हणून कापल्या कापल्या प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी ओव्हरलॉक मारून घेतलं. मशीनला १८ नंबरची सुई, टीप लांब. दोन थर एकावर एक आले की शिवण बोटाएवढी जाड होत होती, ती उघडून, पाणी मारून, गरम इस्त्रीनं दाबून बसवावी लागली. आतून सगळ्या शिवणींना काळ्या पॉपलिनची तिरपी पट्टी. अस्तर घालायचं नाही हे माझं म्हणणं, घालायचं हे मास्तरांचं. माझं कारण सांगितलं: आतली बाजूही इतकी देखणी आहे, झाकायची कशाला? मास्तरांनी जॅकेट उलटं करून बघितलं आणि मान डोलवली. फक्त बाह्यांना आत गुळगुळीत कापड लावलं, नाहीतर स्वेटरवर चढत नाही.

तयार झालेलं जॅकेट जड आहे. खांद्यावर बसतं आणि बसल्यावर हलत नाही. त्याला स्वतःची एक ठेवण आहे, जी दुकानातल्या पातळ जॅकेटांना येत नाही.

मग फोटो. घालणारी माझी मैत्रीण, आमच्याच युनिटमध्ये चेकिंगला आहे. तिची उंची चांगली आणि चालण्यात ऐट. खाली तिनं साधी काळी सलवार आणि कोल्हापुरी घातली. दागिना काही नाही. कपडा एवढा बोलका असताना बाकी सगळं गप्प ठेवावं, असं माझं ठाम मत आहे.

पहिलं ठिकाण पूर्व भागातच. तिथल्या दुकानांच्या पाट्या मला फार आवडतात. मराठी आणि तेलुगू अक्षरं शेजारी शेजारी, जुन्या पाट्या हातानं रंगवलेल्या, अक्षरांना खालून पिवळी सावली. फ्लेक्स आल्यापासून अशा पाट्या कमी कमी होत चालल्यात आणि ज्या उरल्यात त्या शहराची कला म्हणून जपायला हव्यात. एम. एफ. हुसेन आपल्याच जिल्ह्यातले, पंढरपूरचे, आणि मुंबईत त्यांनी सुरुवातीला सिनेमाची होर्डिंग रंगवली. पाटी रंगवणाऱ्याच्या हाताला कमी लेखायचं कारण नाही. एका बंद शटरसमोर, निळ्या पाटीखाली मैत्रिणीला उभं केलं. निळ्यावर लाल असं काही उठून दिसलं की शेजारचा चहावाला बाहेर येऊन बघत राहिला.

इथं कॅमेऱ्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण लाल कापडाचे फोटो काढणाऱ्या सगळ्यांना ते लागेल. डिजिटल कॅमेऱ्यात गडद लाल फसवतो. बाकीचा फोटो नीट दिसत असतो आणि त्याच वेळी लाल चॅनेल काठोकाठ भरलेला असतो. मग लाल भागातली वीण जाते आणि नुसता सपाट रंग उरतो. जकार्डचा एवढा खटाटोप त्या सपाट रंगात बुडाला तर उपयोग काय? म्हणून मी एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली ठेवलं आणि हिस्टोग्राममधला, म्हणजे कॅमेरा दाखवतो त्या उजेडाच्या आलेखातला, फक्त लाल आलेख बघत राहिले. दुसरं, ऊन बाजूनं यायला हवं. समोरून आलेल्या उन्हात चादर छापील वाटते. सकाळी सूर्य खाली असताना तिरपं ऊन कापडावरून सरकतं तेव्हा प्रत्येक जाड धाग्याची बारीक सावली शेजारच्या धाग्यावर पडते आणि मोर उठून येतो. आठ-साडेआठनंतर आपल्याकडचं ऊन कडक होतं, मग गल्लीतल्या चुन्याच्या भिंतीजवळ सावलीत जायचं. भिंत स्वतःच उजेड परतवते, रिफ्लेक्टर लागत नाही.

इंद्रभुवनासमोरचे फोटो मात्र मला फारसे रुचले नाहीत. वारदांची ती इमारत, आता महापालिकेची, इतकी नक्षीदार आहे की नक्षीसमोर नक्षी भांडायला लागली. दुरून पाठमोरी मैत्रीण आणि वर कमानी असा एकच फोटो ठेवला. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी आम्ही गेलो, पण तिथं कॅमेरा काढला नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेलेली माणसं. तिथं हात जोडायचे, पोज द्यायची नाही.

सगळ्यात जास्त वेळ रमले सिद्धेश्वर मंदिराच्या आवारात. तळ्याकाठी दर्शनाला आलेल्या बायका बसतात, त्यातल्या म्हाताऱ्या बऱ्याचशा इरकल नेसलेल्या. एका आव्वांनी, म्हणजे आजींनी, मैत्रिणीला हाक मारली, "ए पोरी, चादर गुंडाळून आलीस का गं?" जवळ बसवून घेतलं, जॅकेटची कड बोटांत धरून चोळून बघितली. कापड ओळखायची ही खरी रीत. मग स्वतःचा पदर पुढं करून म्हणाल्या, "हे बघ आमचं."

त्यांचं इरकल जुनं होतं. अंग जांभळट, धुऊन धुऊन मऊ पडलेलं, पदर लाल आणि त्यावर पांढऱ्या टोकांच्या रांगा, गोपुरं उभी केल्यावर दिसतील तशा. इरकलाचा पदर अंगापासून वेगळा विणलेला दिसतो त्याचं कारण त्याचा ताणाच वेगळा असतो. अंगाच्या ताण्याचा प्रत्येक धागा पदराच्या ताण्याच्या धाग्यात फासा घालून जोडतात आणि मग पुढं विणतात. मी आव्वांची परवानगी घेऊन त्या जोडाचा फोटो अगदी जवळून काढला. लेन्सला जितकं जवळ जाता आलं तितकं गेले. रंग बदलतो त्या रेघेवर फाशांची बारीक रांग दिसते, आणि एक जागा अशी, की तिथं फाटल्यावर आव्वांनी स्वतः रफू केलेलं, लाल दोऱ्यानं, तीन बोटं लांब. सगळ्या मालिकेत माझा सगळ्यात आवडता फोटो तो आहे. आव्वांना कॅमेऱ्यात मोठा करून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "रफू दिसतंय की!" पुढच्या सोमवारी फोटोची प्रिंट नेऊन दिली.

फोटो काढायच्या आधी विचारायचं आणि नंतर प्रिंट द्यायची, हा माझा नियम आहे. रस्त्यावरच्या फॅशनचे फोटो काढणारे बरेचजण न विचारता टिपतात, त्यात सहजता येते म्हणतात. मला तसं जमत नाही आणि पटतही नाही. विचारल्यावर माणूस क्षणभर आखडतो, हे खरं. पण पाच मिनिटं कापडाबद्दल बोललं की तो आपोआप सैल होतो, आणि मग उभं राहायची त्याची स्वतःची पद्धत परत येते.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत मैत्रिणीला घेऊन पुन्हा त्याच भागात फिरले. यात्रेतला पोशाख हा माझ्या मते सोलापूरचा सगळ्यात देखणा पोशाख. नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, पेलणारे भक्त पांढरी बाराबंदी घालतात. हजारो माणसं पांढऱ्यात, रस्त्यावर रांगोळीच्या पायघड्या, आणि मधून सात उंच नंदीध्वज डुलत जातात. इथं कॅमेऱ्याचं गणित लाल चादरीच्या बरोबर उलटं. कॅमेऱ्याचं मीटर सगळं जग मध्यम करडं धरून चालतं, त्यामुळं पांढरी गर्दी समोर आली की फोटो काळवंडतो. एक्स्पोजर एक स्टॉप वर न्यावं लागतं, तेव्हा कुठं पांढरं पांढरं दिसतं. त्या पांढऱ्या लाटेच्या कडेला, एका घराच्या ओट्यावर, लाल चादरीचं जॅकेट घालून हात जोडून उभी असलेली माझी मैत्रीण. तो फोटो बघून नंतर तिघीचौघींनी विचारलं, असलं जॅकेट कुठं मिळतं. यात्रेच्या शेवटी नंदीध्वजांची वस्त्रं उतरवतात, तो कप्पडकळीचा विधी मी अजून जवळून पाहिलेला नाही. यंदा जायचंय.

पोशाखाचा विषय निघाला की मला नेहमी भानू अथय्या आठवतात. कोल्हापूरच्या. १९८३ साली 'गांधी'च्या वेशभूषेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं, भारताला मिळालेलं पहिलं. त्या चित्रपटात खादीचा पंचा आणि साध्या साड्याच मोठ्या संख्येनं दिसतात. जाड्याभरड्या कापडातही माणसाचा अख्खा स्वभाव दाखवता येतो, हे आपल्या कोल्हापूरच्या बाईनं जगाला दाखवलंय. मग चादरीला संकोच कशाचा?

फोटोंच्या प्रिंट घेऊन मी मामांकडं गेले, जॅकेटही नेलं. कारखान्यात दोन माग बंद होते, जेवणाची सुट्टी. मामांनी पाठीवरचा मोर हातानं सपाट केला, चोची जुळल्यात का ते वाकून बघितलं, मग काही न बोलता जॅकेट अंगात घातलं. खांदे थोडे सैल, पण शोभलं. बायको आतून बघायला आली आणि तेलुगूत काहीतरी म्हणाली, दोघंही हसले. मामा तसेच मागापाशी गेले, धोट्याला हात लावून बघितला, वर पत्त्यांच्या माळेकडं हात उंचावला, आणि परत आले.

"बाही ढगळ झाली. मागाजवळ अशी चालत नाही, पट्ट्यात अडकंल. मनगटाला बटण दे. आणि हा छातीवरचा खिसा उथळ आहे, वाकलं की कातर पडंल."

कामगाराचं जॅकेट म्हणून शिवायचं तर हे ऐकायलाच हवं. खिसा दीड इंच खोल केला, त्याच्या आत कातरीसाठी एक उभी टीप मारली. मनगटाला दोन बटणांची पट्टी, म्हणजे काम करताना आवळता येईल आणि बाहेर पडताना सोडता येईल. नवा ब्राउन पेपर पॅटर्न मास्तरांकडं गेलाय. रंग मामांनीच निवडलाय, हिरवा आणि काळा, आणि चादर ते स्वतः विणून देणार आहेत. फक्त काठाची रुंदी किती ठेवायची, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.